संगमरवरी हणमंततात्या

आमच्या घराला गिरणी लागून होती. खरं तर गिरणीलाच घर लागून होतं. उंब्रजहून आत गेलं की ओढ्याच्या अलीकडं आमचं गाव, आणि गावात शिरल्या शिरल्या पहिला आवाज आण्णांच्या गिरणीचा. सकाळी आण्णा पट्टा चढवायचे तशा घराच्या भिंती बारीक थरथरायला लागायच्या, मांडणीवरची पितळी भांडी एकमेकांना लागून वाजत राहायची. त्या आवाजावर बोलायची सवय लागून आईचा गळा मोठा झाला होता. गिरणी बंद झाली तरी ती तेवढ्याच मोठ्यानं बोलायची, त्यामुळं ती रागावली आहे असं परक्या माणसाला वाटायचं. आण्णांचं उलट. ते हळू आणि थोडं बोलत. आईला हाक मारायची झाली तर नुसते खाकरत. नाव घेत नसत, "अगं" म्हणत नसत, "मंगलची आई" असंही म्हणत नसत. खाकरलं की आई काम टाकून उठायची. सगळ्यांचे वडील असंच करत असतील अशी माझी समजूत होती. पुढं लग्न होऊन सासरी गेले तेव्हा सासऱ्यांना दिवसभरात चाळीस वेळा सासूबाईंना हाका मारताना ऐकलं आणि माझं मलाच हसू आलं.

सोप्यातल्या भिंतीवर हणमंततात्यांचा फोटो होता. हणमंततात्या म्हणजे आण्णांचे थोरले भाऊ. एकाहत्तरच्या लढाईत ते गेले. एका पुलाजवळ त्यांनी जखमी झालेल्या दोघांना ओढत आणलं, तिसऱ्याला आणायला परत गेले ते गेलेच. मागून त्यांना पदक मिळालं. ते मखमलीच्या डबीत, आईच्या ट्रंकेत तिच्या शालूखाली असायचं. ते आईच्या ट्रंकेत का, असा प्रश्न मला कधी पडला नाही. पंधरा ऑगस्टला शाळेची प्रभातफेरी आमच्या दारात थांबायची. गुरुजी फोटोला हार घालायला आईला सांगायचे. आई हार घालायची, हात जोडायची आणि मग पोरांच्या हातावर गूळ-खोबरं ठेवायची. घरात ती एकटीच बाई, म्हणून हा मान तिचा, असं मी धरून चालले होते.

त्या वर्षी मी कऱ्हाडला अकरावीत होते. गावात नुकताच एसटीडीचा बूथ आला होता आणि लोक कुणाला फोन करायचा नसला तरी तिथं जाऊन बसायचे. त्या बूथवर एके दिवशी आमच्या नावानं निरोप आला की साताऱ्याहून सुभेदारसाहेब येतायत. हे सुभेदारसाहेब शेजारच्या गावचे, फौजेतून पेन्शनीत आलेले. साताऱ्यात एका चौकाला हणमंततात्यांचं नाव द्यायचं आणि तिथं त्यांचा पुतळा बसवायचा असं त्यांच्या माजी सैनिकांच्या कमिटीनं ठरवलं होतं. तोही सिमेंटचा नाही, पांढऱ्या संगमरवराचा.

ते आले ते सांगलीचे शिल्पकार बरोबर घेऊनच. त्यांना सगळे सर म्हणत, म्हणून मीही सरच म्हणते. उंच, वाकलेले, झब्ब्याच्या बाहीला मातीचे डाग. मुंबईला शिकलेले आणि जुन्या ग्रीक-रोमन मूर्तींचं वेड घेऊन परत आलेले. चहा निवेपर्यंत ते तेच सांगत बसले: पाठीमागं अर्धवट खांब, खांद्यावरून खाली पडणारं कापड, शांत चेहरा. सुभेदारसाहेब म्हणाले, "कापड कशाला? जवान काय उपरणं घिऊन लढतोय व्हय?" सर म्हणाले, "ते कापड म्हणजे मान असतो, साहेब. पूर्वीच्या सगळ्या वीरांना आहे." सुभेदारसाहेबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मग घोंगडं दाखवा. थंडीचं दिवस हुतं तवा."

मग सर म्हणाले, "चेहऱ्यासाठी वीरपत्नींशी बोलायला हवं. त्या कुठं असतात?"

मी पाण्याचे तांबे उचलत होते. सुभेदारसाहेबांनी हात केला तो चुलीकडं, जिथं आई भाकरी थापत होती. "ह्याच की," ते म्हणाले.

मला वाटलं त्यांची चूक झाली. मी हसून म्हणाले, "ती माझी आई हाय." सुभेदारसाहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं बघितलं. आईनं मागं वळून पाहिलं नाही. तिच्या हाताखाली भाकरी फिरत राहिली.

तेवढ्यात गिरणी बंद झाली आणि आण्णा मधल्या दारातून आत आले. केसांवर, भुवयांवर, मिशीवर पीठ. डोळे तेवढे काळे, बाकी माणूस पांढराफेक. सर बोलता बोलता थांबले. उठून त्यांच्याजवळ गेले, एका बाजूनं पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं. भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं. तो फोटो तसा काही उपयोगाचा नव्हता. पलटणीच्या एका जुन्या फोटोत अंगठ्याच्या नखाएवढा चेहरा होता, त्यावर टोपीची सावली. कऱ्हाडच्या स्टुडिओवाल्यानं तो मोठा करून त्यावर आपल्या मनानं डोळे आणि मिशा काढल्या होत्या. "तुम्ही भाऊ ना त्यांचे?" सरांनी विचारलं. "तुम्ही बसाल का माझ्यासमोर? चारपाच वेळा सांगलीला यावं लागेल."

आण्णांनी पीठ झटकलं. "माझं तोंड कशाला त्येंच्या पुतळ्याला?" ते म्हणाले.

"रक्त एकच आहे," सर म्हणाले. "हाड एकच असतं."

पाहुणे गेल्यावर मी चुलीपुढं जाऊन बसले. त्या दिवशी भरली वांगी होती. आईनं माझ्या ताटात दोन वाढली आणि मी जेवेना तेव्हा म्हणाली, "काय झालं?" मी विचारलं, "तू हणमंततात्यांची बायको हुतीस?" "व्हय," आई म्हणाली. "मग आण्णा?" "आण्णा ते आण्णा." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग तिलाच ते अपुरं वाटलं असावं. म्हणाली, "ते गेल्यावर दोन वर्सांनी मामंजींनी इचारलं, म्हायेरी जातीस का हितंच ऱ्हातीस. मी म्हटलं हितंच. मग घरातच, देवाम्होरं, चार माणसांत केलं. ह्यात लपवायचं काय हाय? सगळ्या गावाला ठावं हाय."

आणि ते खरंच होतं. सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट मला वेगळी सांगायला हवी, हे कुणाच्या डोक्यातच आलं नसणार. पण माझं डोकं मात्र फिरल्यासारखं झालं. मी बोटांवर वर्षं मोजली, पुन्हा मोजली. मी आण्णांचीच होते, त्यात शंकेला जागाच नव्हती, तरी मोजली. ज्या माणसाला मी काका समजत होते तो आईचा नवरा होता, आणि माझे वडील तिचे दीर होते. त्यांनी तिला कितीतरी दिवस वहिनी म्हणून हाक मारली असणार. मग ते खाकरणं मला कळलं, आणि कळलं तसं मला ते ऐकवेना. दर वटपौर्णिमेला आई वडाला दोरा गुंडाळायची, जन्मोजन्मी हाच नवरा मिळू दे म्हणून. हाच म्हणजे कोणता? मी तिला हेही विचारलं. ती रागावेल असं वाटलं होतं, पण तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी नाव घेत न्हाई. नुसत्या फेऱ्या मारते." त्या उत्तरानं माझा गोंधळ वाढला. आज माझं वय तिच्या तेव्हाच्या वयाच्या कितीतरी पुढं गेलं आहे, तरी ते उत्तर मला पुरतं कळलं आहे असं मी म्हणणार नाही.

आण्णा सांगलीला जायला लागले. दर रविवारी गिरणी बंद ठेवायची, पहाटेची गाडी धरून कऱ्हाड, तिथून सांगली. परत येताना ते माझ्यासाठी भडंगाचा पुडा आणायचे. लसूण आणि कढीपत्त्याचा वास पिशवीतून आधी घरात यायचा, मग आण्णा. सुभेदारसाहेबांनी त्यांना आपला जुना गणवेश दिला होता. तो घालून ते स्टुलावर बसत. आण्णांना फौजेत जायचं होतं, पण भाऊ गेल्यावर आजीनं त्यांना उंबऱ्याबाहेर सोडलं नाही, हे मला माहीत होतं. वयाच्या चाळिशीत त्यांच्या अंगावर वर्दी चढली ती अशी. ते त्याविषयी काही बोलत नसत. पण ती वर्दी आईनं धुवायला मागितली तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, मी धुतो."

पाचव्या वेळी सरांनी निरोप दिला की मातीचा चेहरा तयार आहे, दगडाला हात लावायच्या आधी वहिनींनी बघून जावं. आई, आण्णा आणि मी असे तिघं गेलो. सरांची शेड कृष्णेच्या घाटापासून जवळ होती. बाहेर राजस्थानातून आलेला संगमरवराचा मोठा ठोकळा गोणपाटाखाली झाकून ठेवलेला, आत ओल्या मातीचा गारवा. भिंतीशी देवांच्या, पुढाऱ्यांच्या, कुणाकुणाच्या मूर्ती. मधोमध फिरत्या चौरंगावर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तो चेहरा. सरांनी फडकं काढलं.

ते आण्णा होते. पण ते आण्णांपेक्षा तरुण, नाक जास्त सरळ, कपाळ जास्त रुंद, आणि केस कधी न पाहिलेले कुरळे. डोळ्यांत बुबुळं नव्हती. मी विचारलं तर सर म्हणाले, जुन्या पद्धतीत डोळे मोकळेच ठेवतात, बघणाऱ्यानं त्यात आपली नजर घालायची. मला ते भीतीदायक वाटलं. आण्णा एका बाजूला वर्दीत उभे होते, टोपी हातात. सर आईला म्हणाले, "वहिनी, आता तुम्हीच सांगायचं. दुसरं कुणी सांगू शकणार नाही. कुठं चुकलंय? नाक, हनुवटी, काहीही. माती आहे तोवर बदलता येतं."

आई पदर सारखा करून पुढं गेली. तिनं समोरून पाहिलं. सरांनी चौरंग हळूहळू फिरवला. नदीवर कुणी तरी कपडे आपटत होतं, तेवढाच आवाज. मी आईकडं पाहत होते आणि आण्णाही आईकडंच पाहत होते. शेवटी ती म्हणाली, "बरोबर हाय."

"काहीच बदलायचं नाही?" सरांनी विचारलं.

"न्हाई. बरोबर हाय."

सरांना आनंद झाला. आण्णांनी टोपी स्टुलावर ठेवली आणि वर्दी बदलायला आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. स्टँडवर त्यांनी आम्हा दोघींना बाकावर बसवलं, पाणी आणून दिलं आणि गाडीची चौकशी करायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. आईनं शिदोरी सोडली नाही. समोर गाड्या येत-जात होत्या. एकाएकी ती मला म्हणाली, आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात नाही, "मंगल, मला त्येंचं तोंड आठवत न्हाई."

मी म्हटलं, "कुणाचं?"

"थोरल्यांचं. लगीन झालं आन् महिन्याच्या आत ते पलटणीत गेलं. फुडं एकदा सुट्टीवर आलं, ते बारा दिस. सासू-सासरं घरात. वर तोंड करून बघायची पद्धत न्हवती, आन् रातच्याला चिमणी विझिवल्याली. मला त्येंचं पाय ठावं हायती. जेवायला बसायचं तवा वाढता वाढता दिसायचं. डाव्या पायाचं करंगळीजवळचं बोट वाकडं हुतं. हजार पायांत वळखीन." ती थांबली. "पुतळ्याला तर सर बूट घालणार."

ती पुढं म्हणाली, "लोकास्नी कळलं तर काय म्हंतील, नवऱ्याचं तोंड ठावं न्हाई. तू कुणाजवळ बोलू नगंस." मी मान हलवली.

घरी आल्यापासून आण्णा आईशी बोलेनासे झाले. खाकरणंसुद्धा बंद. जेवायला स्वतः पाट मांडून घ्यायचे, ताट स्वतः उचलायचे. गिरणीत दळण नसलं तरी आत बसून राहायचे. पुतळा घडत होता, दोन महिने गेले, तीन गेले. सुभेदारसाहेब अनावरणाची पत्रिका घेऊन आले. आईचं नाव वीरपत्नी म्हणून मोठ्या अक्षरात, आण्णांचं नाव कुठंच नाही. ते गेल्यावर आण्णा म्हणाले, "मी काय येत न्हाई. गिरणी हाय." आईनं विचारलं, "आवं, तुमच्याबिगर कसं?" ते म्हणाले, "तुझं काम हाय ते." त्यांनी आईला उद्देशून 'तुझं' म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते असं.

दुसऱ्या दिवशी मी दळणाचा डबा घेऊन गिरणीत गेले. माझ्या मनात नक्की काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. आण्णांना राग कशाचा आला होता, हेच मला कळत नव्हतं. पत्रिकेत नाव नाही त्याचा, की आणखी कशाचा. मी पट्ट्याच्या आवाजात ओरडून विचारलं, "आण्णा, तुमी का येत न्हाई?" त्यांनी गिरणी बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला. पिठाच्या ढिगात बोटं घालून ते म्हणाले, "तुझी आई म्हणाली बरोबर हाय. माझं तोंड हुबेहूब त्येंचं हाय म्हणाली. म्हंजी इतकी वर्सं ती कुणाला बघत हुती, पोरी?"

तेव्हा मला कळलं. आणि मी आईला दिलेला शब्द मोडला. सांगलीच्या स्टँडवरचं सगळं सांगितलं. बारा दिवस, विझवलेली चिमणी, वाकडं बोट. मला वाटलं, हे ऐकून आण्णांना बरं वाटेल. माझी कल्पना अशी की ते सुटल्यासारखे हसतील. ते हसले नाहीत. गिरणीच्या ओट्यावर बसले आणि रडायला लागले. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. "म्हंजी आता कुणालाच ठावं न्हाई," ते म्हणाले. "मलाबी आठवत न्हाई, मंगल. डोळं मिटलं की त्यो भितीवरचा फोटूच दिसतोय. मला वाटत हुतं तिला तरी आठवत आसंल." मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. मी योग्य केलं की वाईट, ते मला कळत नव्हतं. बाहेर एक बाई दळणाचा डबा घेऊन आली, आमच्याकडं बघितलं आणि डबा ठेवून निघून गेली.

अनावरणाच्या दिवशी आण्णा आले. पांढरा सदरा घालून, आमच्या आधी तयार होऊन दारात उभे राहिले. साताऱ्यातला तो चौक पताकांनी भरला होता. बँड होता, मंडप होता, पुढारी उशिरा आले. आईला मंचावर खुर्ची होती, आम्ही तिसऱ्या ओळीत. दोरी ओढल्यावर पडदा आधी अडकला, मग सुभेदारसाहेबांनी काठीनं सोडवला. उन्हात तो संगमरवर इतका पांढरा होता की पहिल्यांदा डोळ्यांना काहीच दिसेना. मग अर्धा खांब दिसला, घोंगडं दिसलं, त्याच्या घड्या तर पाण्यासारख्या उतरल्या होत्या. आणि मग चेहरा. माझ्या शेजारचा एक म्हातारा फौजी म्हणाला, "हणमंता हुबेहूब हाय गड्या." मी त्याच्याकडं पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता.

भाषणं झाली. शेवटी कुणीतरी आईपुढं माईक धरला आणि दोन शब्द बोला म्हणालं. हे ठरलेलं नव्हतं. आई उठली. तिला हळू बोलता येत नसे, त्यामुळं तिला माईकची गरजच नव्हती. सगळा चौक दणाणला. तिनं आधी पुतळ्याकडं पाहिलं. मग खाली, आमच्या ओळीकडं.

"ह्यो माझ्या मालकाचा चेहरा हाय," ती म्हणाली. "मी रोज बघते. सरांनी कायबी चुकवलं न्हाई."

आणि ती खाली बसली. टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, पुढाऱ्यांनी मान हलवली, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तेच वाक्य मोठ्या अक्षरात आलं: वीरपत्नी आजही रोज पतीचा चेहरा पाहते. मी आण्णांकडं वळून बघितलं. ते पुतळ्याकडं बघत नव्हते. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि टाळ्या वाजवायचं ते विसरले होते.

मी आण्णांजवळ बोलले हे आईला कळलं होतं का? मला माहीत नाही. तिनं ते वाक्य आण्णांसाठी म्हटलं, लोकांसाठी म्हटलं, की वाक्य असं दोन्हीकडं जातं हे तिच्या ध्यानातही नव्हतं? नंतर कितीतरी वर्षांनी मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "खोटं काय बोलले?" आणि उठून गेली. ती दोघं आता नाहीत, त्यामुळं हे विचारायचं कुणी उरलेलं नाही.

परतीच्या गाडीत गर्दी होती. आमच्याकडं गाडीत नवरा-बायको शेजारी बसत नसत. बाया बायांजवळ, पुरुष मागं. आईनं माझ्यासाठी शेजारची जागा धरून ठेवली होती. मी पुढं सरकले तर आण्णा माझ्या आधी तिथं पोचले आणि बसले. आईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं, पण पिशवी उचलून मांडीवर घेतली, त्यांना नीट टेकता यावं म्हणून. मी मागच्या बाकावर एका म्हातारीजवळ बसले. उंब्रज येईपर्यंत त्या दोघांची मागची बाजू मला दिसत होती. उंब्रजला गाडी थांबली, आण्णा उठले, आणि आईला उतरता यावं म्हणून दारात हात पुढं करून उभे राहिले.